विश्लेषण : विणकराचा माग, श्रीखंडेंचा चौरस आणि डागाळलेला क्यूआर कोड... गणिताचे सौंदर्य विज्ञानाच्या कामी कसे येते?

नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या काठी, सावनेर तालुक्यात खापा हे गाव आहे. हातमाग ही त्याची जुनी ओळख. भोवताली कापूस आणि संत्र्याचा पट्टा. आज इथल्या बाजारातही भाजीच्या ढिगाजवळ क्यूआर कोडचा पुठ्ठा टेकवलेला असतो. त्यावर धूळ बसते, हळदीचा डाग पडतो, एखादा कोपरा फाटतो. तरीही मोबाइल समोर धरला की पैसे बरोबर त्याच दुकानदाराच्या खात्यात जातात. माग, कापसाचे शेत आणि हा पुठ्ठा यांना जोडणारा एक धागा आहे, तो गणिताचा. त्यातला एक महत्त्वाचा टाका नागपुरात शिकलेल्या आणि नागपुरातच शिकवणाऱ्या एका गणितज्ञाने घातला आहे. दहावीच्या गणिताचे काय करायचे, यावर राज्यात वाद झडत असताना हा धागा उलगडून पाहणे गरजेचे आहे.

वादाचे निमित्त काय?

दहावीत उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ३५ गुण लागतात. २०२४ मध्ये पुढे आलेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित आणि विज्ञान या विषयांसाठी वेगळी वाट सुचवण्यात आली. या विषयांत २० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावीला प्रवेश घेता येईल, मात्र पुढे गणित वा विज्ञानाशी संबंधित अभ्यासक्रम घेता येणार नाही, असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर असेल, अशी ही तरतूद.

असा विचार करणारे महाराष्ट्र एकटे नाही. सीबीएसईने २०२०च्या दहावी परीक्षेपासून गणिताचे ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन स्तर केले. २०२१ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीचे गणित सर्वच शाखांना सक्तीचे नसावे, अशी भूमिका एआयसीटीईने घेतली, तेव्हाही टीका झाली होती.

प्रस्तावाच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. केवळ गणितात अडकल्यामुळे अनेक मुलांचे शिक्षण दहावीतच संपते. ज्याला कला शाखेत जायचे आहे, चित्रकार वा वकील व्हायचे आहे, त्याला बीजगणितासाठी का अडवावे? पण या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले आहे. कोणाला गणित लागेल आणि कोणते गणित उपयोगी पडेल, हे आधीच कळते, असे ते गृहीतक. गणिताचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

गणितात ‘सुंदर’ म्हणजे नेमके काय?

मागापासून सुरुवात करू. कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. साध्या विणीत बाणा एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून जातो. सॅटिन विणीत मात्र कापड गुळगुळीत दिसावे म्हणून प्रत्येक आडव्या ओळीत एकाच ठिकाणी बांध येतो आणि ओळीगणिक तो ठरावीक अंतराने पुढे सरकतो. पाच धाग्यांची सॅटिन घ्या आणि दोन-दोन घरे पुढे जा. बांध १, ३, ५, २, ४ असे पडतात. प्रत्येक धाग्याची पाळी एकदाच येते. वीण जमली.

आता सहा धागे घ्या. दोन-दोन घरे पुढे गेलात तर १, ३, ५ आणि पुन्हा १. तीन-तीन घरांनी १, ४ आणि पुन्हा १. चारने जा, तरी निम्मे धागे सुटतात. एकेक घर पुढे वा मागे सरकलात तर सगळे धागे येतात, पण कापडावर तिरकी रेघ उमटते; ती सॅटिन नव्हे. म्हणजे सहा धाग्यांची नियमित सॅटिन होऊच शकत नाही. माग कितीही चांगला असो, विणकर कितीही निष्णात असो. कारण २, ३ आणि ४ या तिन्ही संख्यांचा ६ शी सामाईक विभाजक आहे. ५ आणि २ यांचा तसा नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८६७ मध्येच सॅटिनच्या विणीला अंकगणित लावून दाखवले होते.

गणितज्ञ ज्याला सौंदर्य म्हणतात ते हेच. सुताचा प्रकार, रंग, गाव, काळ काहीही बदला, निष्कर्ष बदलत नाही. कारण थोडक्यात सांगता येते आणि एकदा कळले की ‘असेच असणार’ असे वाटते. हा अनुभव नुसता बोलण्यापुरता नसावा. लंडनमधील मेंदूशास्त्रज्ञ सेमिर झेकी आणि गणितज्ञ मायकल अतिया यांच्या चमूने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ गणितज्ञांना ६० सूत्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. सुंदर वाटलेल्या सूत्रांच्या वेळी मेंदूचा जो भाग अधिक सक्रिय झाला, तोच भाग संगीत वा चित्राच्या सौंदर्यानेही सक्रिय होत असल्याचे आधीच्या अभ्यासांतून दिसले होते.

ऑयलरचे ३६ अधिकारी कुठे अडले?

सहा या संख्येने आणखी एका ठिकाणी अडवले आहे, जरी तिथले कारण वेगळे. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाचा १७८२ मध्ये छापलेला प्रश्न असा : सहा पलटणींतून प्रत्येकी सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी घेतले, एकूण ३६. त्यांना ६ बाय ६ च्या चौरसात असे उभे करता येईल का, की कोणत्याही आडव्या वा उभ्या रांगेत एकच पलटण किंवा एकच हुद्दा दोनदा येऊ नये?

तीनच्या चौरसात हे सहज जमते. क, ख, ग या तीन पलटणी आणि १, २, ३ हे हुद्दे समजा :

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

कोणतीही ओळ तपासा, आडवी वा उभी. प्रत्येक अक्षर एकदा, प्रत्येक अंक एकदा, आणि नऊ जोड्यांपैकी एकही दोनदा नाही. चार आणि पाचलाही असा चौरस बनतो. सहाला मात्र ऑयलरला तो सापडला नाही. त्यावरून त्याने अंदाज बांधला की ६, १०, १४, १८ अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याच संख्येला असा चौरस नसणार. १९००च्या सुमारास गास्ताँ तारी याने सर्व शक्यता हाताने तपासून सहाचा चौरस खरोखरच अशक्य असल्याचे सिद्ध केले. ऑयलरचा अंदाज अधिकच भक्कम वाटू लागला. पण १० चे काय, १४ चे काय, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षे तसाच राहिला.

यात नागपूर कुठे आले?

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी मध्य प्रदेशातील सागर येथला. त्यांनी नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयातून १९३९ मध्ये बी.एस्सी. केले आणि पुढे नागपुरातच अध्यापनही केले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांची गाठ राजचंद्र बोस यांच्याशी पडली. बोस अमेरिकेत गेल्यावर श्रीखंडे यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये पीएच.डी. मिळवली.

१९५९ मध्ये श्रीखंडे पुन्हा बोस यांच्याबरोबर काम करत होते. दोघांनी २२ चा चौरस बांधून दाखवला आणि ऑयलरचा अंदाज कोसळला. अर्नेस्ट पार्कर या अमेरिकी गणितज्ञाने १० चा चौरस शोधला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ हे दोनच अपवाद. बाकी प्रत्येक संख्येला असा चौरस असतोच. २६ एप्रिल १९५९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. या त्रिकुटाला ‘ऑयलरचा अंदाज बिघडवणारे’ असे गमतीचे नाव पडले. श्रीखंडे पुढे १९६३ पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शेतात या चौरसाचा काय उपयोग?

वरच्या चौरसात आता पलटणींच्या जागी कापसाचे तीन वाण आणि हुद्द्यांच्या जागी खताच्या तीन मात्रा ठेवा. शेत कुठेही एकसारखे नसते. एका बाजूला जमीन भारी, नाल्याकडे ओल जास्त, बांधाकडे सावली. एक वाण नाल्याकडे आणि दुसरा माळाकडे लावला, तर उत्पन्नातला फरक वाणाचा की जमिनीचा, हे कळणार कसे? चौरसाप्रमाणे नऊ वाफे केले तर प्रत्येक वाण प्रत्येक पट्ट्यात एकदा येतो, प्रत्येक खताबरोबरही एकदा येतो. जमिनीतला चढ-उतार सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो आणि वाणाचा खरा गुण वेगळा काढता येतो.

१९२०च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांची अशी शास्त्रशुद्ध आखणी रूढ केली. प्रत्यक्ष शेतात १० बाय १० चा जोडचौरस क्वचितच लागतो. बहुतेक वेळा याहून सोप्या मांडण्या पुरतात. पण वाणांच्या चाचण्यांमागचे तत्त्व हेच आहे. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, संत्र्यासारख्या फळांसाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. एखादा वाण चांगला असल्याचे शेतकऱ्याला सांगितले जाते, त्यामागे वाफ्यांची आखणी आणि संख्याशास्त्र असते. ऑयलरच्या कागदावरच्या कोड्याने शेतात असे पाऊल टाकले.

डाग पडलेला क्यूआर कोड वाचला कसा जातो?

समजा तुम्हाला ३ आणि ५ या दोन संख्या कोणाला तरी पाठवायच्या आहेत आणि वाटेत एखादी संख्या बिघडण्याची भीती आहे. मग दोनच न पाठवता त्याच चालीने पुढच्या दोन जोडा : ३, ५, ७, ९. आलेखावर मांडले तर हे चार बिंदू एका सरळ रेषेत येतात. आता समोरच्याला ३, ५, १, ९ असे मिळाले. चारपैकी तीन बिंदू एका रेषेत आहेत, १ मात्र बाहेर पडतो. इतर कोणतेही तीन बिंदू एका रेषेत येत नाहीत. म्हणजे चूक झाल्याचे तर कळलेच, पण ती कुठे झाली आणि मूळ संख्या ७ होती, हेही कळले. पुन्हा विचारण्याची गरज नाही.

१९६० मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडलेल्या कोडचे मर्म हेच आहे, फक्त सरळ रेषेऐवजी अधिक गुंतागुंतीचे वक्र आणि नेहमीच्या अंकगणिताऐवजी मोजक्याच संख्यांचे बंदिस्त अंकगणित. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये बनवलेल्या क्यूआर कोडमध्ये हाच कोड आहे. त्यात २५६ संख्यांचे अंकगणित चालते आणि निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि हा चौकोन गावोगावच्या दुकानांत पोहोचला.

या बंदिस्त अंकगणिताचा पाया एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने घातला. १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धातील जखमेने तो विसाव्या वर्षीच वारला. त्याचे गणित तेव्हा कोणाच्याच कामाचे नव्हते. १९३८ मध्ये राजचंद्र बोस यांनी ते वापरून ऑयलरच्या धर्तीचे चौरस बांधण्याची रीत दिली. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी कोड बांधणीच्या सिद्धांतावर संयुक्त शोधनिबंध लिहिला. १९६० मध्ये बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्र राय-चौधरी यांनी चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचे एक मोठे कुटुंब शोधले. फ्रेंच गणितज्ञ होकेंगम यांनी ते वर्षभर आधी स्वतंत्रपणे शोधले होते, म्हणून त्याला तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘बीसीएच’ म्हणतात. रीड-सॉलोमन कोड त्याच कुटुंबातला. शिवाय क्यूआर कोडच्या कोपऱ्यातील मोठ्या चौकटींना लागून, हा कोड कसा वाचावा हे सांगणारी जी बारीक माहिती असते, ती थेट बीसीएच कोडनेच जपलेली असते. खाप्याच्या बाजारातल्या पुठ्ठ्यावर बोस यांचे गणित असे अक्षरशः छापलेले आहे.

विज्ञानांमध्ये गणिताचे स्थान काय?

श्रीखंडेंची बातमी छापून आल्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, मे १९५९ मध्ये, न्यूयॉर्कमध्येच भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी एक व्याख्यान दिले. पुढच्या वर्षी ते निबंधरूपात आले. गणितज्ञांनी केवळ स्वतःच्या कुतूहलापोटी रचलेल्या कल्पना निसर्गाला इतक्या अचूक कशा लागू पडतात, याचे समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बर्नहार्ड रीमान याने १८५४ मध्ये वक्र अवकाशाची भूमिती मांडली. १९१५ मध्ये आइनस्टाइनला गुरुत्वाकर्षणासाठी तीच लागली. मॅक्सवेलच्या समीकरणांतून विद्युतचुंबकीय लहरी १८६०च्या दशकात कागदावर आल्या. हर्ट्झने त्या प्रयोगशाळेत दाखवल्या १८८०च्या दशकात. मोबाइलपर्यंत पोहोचणारा संदेश त्याच लहरींवर येतो.

तरीही गणित हे इतर विज्ञानांसारखे विज्ञान नव्हे. भौतिकशास्त्रात प्रयोग शेवटचा शब्द सांगतो आणि उद्याचा प्रयोग आजचा सिद्धांत दुरुस्त करू शकतो. गणितात शेवटचा शब्द सिद्धतेचा. हजार उदाहरणे जुळली म्हणून काही सिद्ध होत नाही आणि एकच उलट उदाहरण पुरते. ऑयलरसारख्या थोर माणसाचा अंदाज पाडायला २२ चा एक चौरस पुरला. तिथे नाव, पद, देश काही चालले नाही.

सौंदर्याची एक मर्यादाही इथेच दिसते. देखणे ते खरेच असेल, असे नाही. १५९६ मध्ये केप्लरने ग्रहांच्या कक्षा पाच नियमित घनाकृतींत बसवल्या होत्या. रचना अप्रतिम होती आणि चुकीची होती. पुढे टायको ब्राहेच्या निरीक्षणांनी त्याला लंबवर्तुळाकडे नेले. सौंदर्य दिशा दाखवते. निसर्गाबाबत निर्णय निरीक्षणाचा.

सगळेच सुंदर गणित उपयोगी पडते का?

नाही. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, उदा. ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येईल. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोहोचता.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ही गंमत शोधली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ चा व्यवहारात मोठा उपयोग झालेला नाही, कदाचित होणारही नाही. पण जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये संख्या सिद्धांतातल्या, म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासातल्या, शुद्ध गणिताबद्दल असेच म्हटले होते. १९७०च्या दशकात मूळ संख्यांवर आधारलेली आरएसए ही कूटपद्धती आली आणि इंटरनेटवरचे गोपनीय व्यवहार त्याच गणितावर उभे राहिले. कोणते बी रुजेल, हे पेरताना कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

मग २० गुणांचे काय करायचे?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. गणितात कमी गुण पडलेल्या मुलाचे शिक्षण थांबू नये, ही एक. त्याच्यासाठी पुढचे दार कायमचे बंद व्हावे, ही दुसरी. पहिलीसाठी दुसरी करण्याची गरज नाही. पुढे जाऊ द्यावे, पण एखाद्या वर्षाने, जोडअभ्यासक्रम पूर्ण करून, परत येण्याची वाट उघडी ठेवावी. गुणपत्रिकेवरचा शेरा पंधराव्या वर्षी लागतो. त्याचे परिणाम पंचविसाव्या वर्षी कळतात. बी.एस्सी. कृषीला जायचे तर बारावी विज्ञान लागते. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुलीला वाणांच्या चाचण्यांचे काम करावेसे वाटले, तर ते तिला दहावीतच सुचले पाहिजे, असा आग्रह आपण धरणार का?

या शेऱ्याचा भार सगळीकडे सारखा पडणार नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. शहरात शिकवणी असते, दुसरी संधी विकत मिळते. लहान गावात गणिताचे शिक्षक बदलून गेले आणि वर्षभर जागा रिकामी राहिली, तरी मुलाच्या गुणपत्रिकेवर लिहिले जाईल की त्याला गणित जमत नाही.

खरा प्रश्न उत्तीर्णतेच्या रेषेचा नसून वर्गातल्या गणिताचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त भुंगे, कमळे, हंस यांच्या गोष्टींतून गणित मांडले. आज चौकटीच्या वहीवर पाच आणि सहा धाग्यांची सॅटिन रंगवायला एक तास पुरतो. सहाला वीण का जमत नाही, हे शोधताना मुलाला विभाजक समजतो आणि त्याहून मोठी गोष्ट समजते, ती म्हणजे ‘का’ या प्रश्नाला इथे पूर्ण उत्तर मिळते. ज्या गावात माग पाहिलेला आहे, तिथे हा धडा सुरू करायला महागडी साधने लागत नाहीत. त्या तासानंतरही एखाद्याने गणित सोडायचे ठरवले तर जरूर सोडावे. मात्र तो निर्णय गणित एकदा नीट पाहिल्यानंतर घेतलेला असेल.